आईने बोलायचे नाही तर कोणी?

अमेरिकेत एक धंदा आहे, तो आपल्याकडच्या माणसाला चटकन समजत नाही. पोर हाताबाहेर गेले, व्यसन लागले, घरात रोज भांडणे, की हताश आईबाप 'अशा' मुलांसाठीच्या निवासी शाळा शोधू लागतात. मग योग्य शाळा सुचवायला मध्यस्थ हजर. त्यांना पैसे बहुधा शाळाच देते, पालक नाही. मग सल्ला कोणाच्या हिताचा, हे काय सांगायला हवे?

2008 साली अमेरिकी संसदेच्या लेखा-तपास कार्यालयाने आपली माणसे खोटे पालक बनवून अशा मध्यस्थांना फोन करायला लावले. एका संस्थेला तीन वेगवेगळ्या काल्पनिक मुलांची माहिती दिली, तर तिघांनाही एकच शाळा सुचवली! चौकशीत निघाले काय, तर संस्थेचे आणि शाळेचे मालक नवराबायको.

हे सगळे आठवले ते एका जुन्या खटल्यामुळे. लुईझियानातल्या एका आईने आपली जुळी मुले कोस्टा रिकातल्या अशा शाळेत घातली होती. (2003 मध्ये तिथल्या सरकारनेच हस्तक्षेप केल्यावर ती शाळा बंद पडली.) मुलांना परत आणण्यासाठी तिने फ्लोरिडातल्या एका मध्यस्थ बाईंची मदत घेतली. पुढे दोघींचे बिनसले आणि आईने त्यांना इंटरनेटवर लबाड, ठग असे म्हटले. बाईंनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. 2005 च्या कटरिना वादळात आईचे घर पाण्याखाली गेले, वकिलाला पैसे नव्हते, ती कोर्टात आलीच नाही. 2006 मध्ये ज्यूरीने भरपाई ठरवली 1 कोटी 13 लाख डॉलर!

ती जे बोलली ते खरे की खोटे, हे दोन्ही बाजू ऐकून कोणी तपासलेच नाही. एक बाजू रिकामी होती, आकडा मात्र ठरला.

गंमत म्हणजे या मध्यस्थ बाईंवरही आधी असाच खटला झाला होता. त्यांची मुलगी अशाच एका शाळेत होती, त्यावर त्या जाहीर बोलल्या, आणि त्या शाळांच्या संघटनेने त्यांना युटा राज्यात कोर्टात खेचले. ज्यूरीने बाईंच्या बाजूने कौल दिला, 2006 मध्ये वरच्या कोर्टातही तो टिकला. म्हणजे बोलण्याचा हक्क किती मोलाचा हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? असो.

अब्रू सगळ्यांनाच असते, हे मला मान्य आहे. मी शिक्षक होतो तेव्हा एका पालकाने शाळेच्या अंगणात, पोरांदेखत, मला काय काय म्हटले ते अजून आठवते. रात्रभर झोप नव्हती. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीची वही काढून पाहिली, तर माझ्या हातून दोन चुका झालेल्या होत्या. तो गप्प बसला असता तर मला कळल्याच नसत्या.

या निवासी शाळांत तर मुलाचा आवाज बाहेर येणेच कठीण. अनेक ठिकाणी पत्रे वाचली जात, फोनवर कोणीतरी कान लावून बसे. मग बाहेर बोलणार कोण? आईबापच. ते 'मला फसवले असे वाटते' म्हणतात, तेव्हा समोरच्याने आपले कागद दाखवावेत, पैसे कोणाकडून घेतले ते सांगावे. धडधडीत खोटी गोष्ट कोणी रचली तर कोर्ट आहेच. पण चिडलेल्या आईच्या शिवीला एक कोटी डॉलर हा काही न्याय नव्हे.

कॅलिफोर्नियात 1992 पासून असा कायदा आहे की जाहीर टीका दाबण्यासाठी लावलेला दावा सुरुवातीलाच फेटाळता येतो, वर खर्चही दावा लावणाऱ्यावर पडतो. आपल्याकडे मात्र अब्रुनुकसानी हा अजून फौजदारी गुन्हाच आहे, 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. सत्य आणि लोकहित असेल तर सूट आहे म्हणा, पण ती सिद्ध करेपर्यंत कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या त्या आईनेच.