मुलाच्या देखत

मराठी घरात आईवरचे पुस्तक शोधावे लागत नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले आणि वीस वर्षांनी आचार्य अत्रे यांनी ते पडद्यावर आणले. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम पाहून आपल्या आधीच्या पिढीने पदर आणि रुमाल भिजवले. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदकही मिळाले. श्यामचे वडील मात्र फारसे कोणाच्या स्मरणात राहत नाहीत. वास्तविक त्या घराची पडझड त्यांच्याच कर्जाने होते. सावकाराचा माणूस वसुलीला येतो, नको ते बोलतो. वडील मान खाली घालून ऐकतात आणि शेवटी न राहवून आईच उत्तर देते.

आपण व्यापारी माणसे हा प्रसंग आईच्या बाजूने वाचतो आणि डोळे पुसतो. त्या ओसरीवर आपली जागा नेमकी कोणती, हा प्रश्न सहसा मनाला शिवत नाही.

तो मला एका इटालियन चित्रपटाने विचारला. १९५२ मध्ये देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला, त्यात व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’ दाखवला गेला. बिमल रॉय यांना ‘दो बिघा जमीन’ची प्रेरणा त्यातूनच मिळाली, असे म्हणतात. मी तो फार उशिरा पाहिला. युद्धानंतरचे रोम. बेकार अंतोनिओला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते, पण त्यासाठी सायकल हवी आणि ती गहाण पडलेली. पत्नी मारिया बिछान्यावरच्या चादरी काढते, धुते आणि त्या गहाण ठेवून सायकल सोडवून आणते. गहाणाच्या त्या पेढीत चादरींची गाठोडी छतापर्यंत रचलेली दिसतात. आई त्या चित्रपटात थोडाच वेळ आहे, पण संसार तिनेच उचललेला आहे.

पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. बाप आणि लहानगा ब्रुनो शहरभर वणवण करतात. अखेरीस हताश बाप स्वतःच एक सायकल पळवतो आणि पकडला जातो. लोक त्याला मारतात, मुलगा रडत पाहत असतो. सायकलचा मालक त्या मुलाकडे पाहतो आणि तक्रार न करता बापाला सोडून देतो. घेणे ज्याचे होते, त्याने मुलाकडे पाहिले. पुढे बापाच्या हातात मुलाचा हात येतो, तिथे मला थांबावे लागले.

आमचे किराण्याचे दुकान लालबागला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि आमच्या उधारीच्या वह्या फुगल्या. आजोबांचा एक शिरस्ता होता. गिऱ्हाइकाबरोबर मूल असले, की वही उघडायची नाही. बाकीची गोष्ट मूल नसताना, तीही हळू आवाजात. मला तो भाबडेपणा वाटे.

त्या पावसाळ्यात एका दुपारी आजोबा जेवायला गेले होते. साचेखात्यातला एक कामगार पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला आणि त्याने दोन किलो तांदूळ मागितले. मी सतरा वर्षांचा, नव्यानेच गल्ल्यावर बसू लागलेला. वही काढून मी सगळ्यांसमक्ष आकडा वाचला. एकशे बेचाळीस रुपये. तो काही बोलला नाही. मुलीने आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे पाहिले. तो पिशवीची घडी करून निघाला, तेव्हा तिने त्याचा हात धरला होता की नाही, हे मला आठवत नाही. मी पुढचे गिऱ्हाईक घेतले.

तो पुन्हा आला नाही. आजोबांना शेजारच्या दुकानदाराकडून कळले. ते मला रागावले नाहीत, चाळीत मात्र स्वतः जाऊन आले; खोलीला कुलूप होते, कुटुंब गावी गेले होते. दिवाळीत वहीपूजन झाल्यावर जुन्या बाक्या नव्या वहीत ओढण्याचे काम माझ्याकडे असे. मी त्या नावापाशी आलो, तेव्हा आजोबांनी पानावर हात ठेवला आणि म्हणाले, “पुढचे घे.”