चांदी, यादी आणि दाद

बीड जिल्ह्यातल्या कडा या गावासारख्या ठिकाणी कर्ज कितीही चढले तरी देव्हाऱ्यातले चांदीचे टाक सहसा मोडीत जात नाहीत. जर्मनीतल्या ज्यू घरांत शब्बाथच्या मेणबत्त्यांसाठीचे चांदीचे स्टँड असेच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले असत. नाझी सरकारच्या २१ फेब्रुवारी १९३९ च्या हुकुमाने ज्यूंना सोने, चांदी, जडजवाहीर नगरपालिकेच्या तारणपेढ्यांत जमा करायला लावले. मुदत दोन आठवडे. लग्नाची अंगठी आणि माणशी थोडे काटे-चमचे सुटले. मोबदला मिळाला तो नाममात्र.

तेव्हा एकही गॅस चेंबर उभी नव्हती. पण ज्यू कोण, हे १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी ठरवून टाकले होते. एप्रिल १९३८ मध्ये पाच हजार मार्कांवरची मालमत्ता जाहीर करायला सांगितली गेली. म्हणजे चांदी मागितली तेव्हा सधन घरांची नोंद सरकारदप्तरी होतीच. नोव्हेंबर १९४१ च्या हुकुमाने तर देशाची हद्द ओलांडणाऱ्या ज्यूचे नागरिकत्व आणि मालमत्ता आपोआप गेली. मग त्याला सरकारनेच गाडीत कोंबून हद्दपार केलेले का असेना!

यादी वाईट, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. रेशनलाही यादी लागते. फरक कुठे पडतो, ते कड्याहून रेल्वेने जाता येते त्या नगरमध्ये दिसते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच ब्रिटिशांनी भारतातले जर्मन पुरुष पकडून नगरच्या छावणीत ठेवले. त्यांत हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते. नाझींनी ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ मारून त्यांना परके केले होते. इथे तोच पासपोर्ट त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवत होता. पण सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेका कैद्याची स्वतंत्र चौकशी केली आणि अनेकजण सुटले. न्याय पुरा झाला असे नाही. काही कुटुंबे पुढे पुरंदर आणि साताऱ्याच्या छावण्यांत राहिली. तरी ‘मी तो नव्हे’ हे ऐकणारे कोणीतरी समोर होते. बर्लिनमध्ये ऐकणाऱ्याची ती खुर्चीच काढून टाकलेली होती.

म्हणून धर्म वा जात पाहून मालमत्तेची नोंद मागितली गेली, तर चूक झाल्यास दाद कोणाकडे मागायची, हे आधी विचारावे. शेजाऱ्यांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. हॅम्बुर्गमध्ये हद्दपार ज्यूंच्या घरसामानाचे जाहीर लिलाव झाले, आणि बोली लावायला सामान्य शहरवासीच आले. स्वस्तात कपाट मिळालेला माणूस त्याच्या मूळ मालकाची चौकशी करायला जात नाही.