वाढ कशाने होते: करकपातीने की सरकारी खर्चाने?

सरकारी खर्च, कर आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधाविषयी दोन मते परस्परांविरुद्ध मांडली जातात. एका मतानुसार कराचा बोजा हलका झाला की उद्योजकाच्या हाती नफा उरतो, तो गुंतवला जातो, रोजगार वाढतो आणि वाढलेल्या उत्पन्नातून सरकारची तिजोरीही पुन्हा भरते. दुसऱ्या मतानुसार मंदीचे मूळ मागणीच्या अभावात असते; ग्राहक आणि कारखानदार दोघेही हात आखडून बसले असताना खर्च करू शकणारे सरकारच उरते. पहिले मत आर्थर लॅफर यांच्या वक्ररेषेचा आधार घेते, तर दुसरे जॉन मेनार्ड केन्स यांच्या १९३६ च्या ग्रंथाचा. भारतात २०१९ ते २०२४ या काळात दोन्ही उपाय एकापाठोपाठ वापरले गेले. आधी कंपनी करात मोठी कपात झाली, मग केंद्राचा भांडवली खर्च वाढला. या अनुभवाला महाराष्ट्राच्या जुन्या अनुभवाची जोड दिली, की दोन्ही मते त्यांच्या टोकाच्या रूपात टिकत नाहीत हे दिसते. कर कोणाकडून घेतला आणि त्या पैशातून काय उभे राहिले, यावर वाढ अवलंबून असते. दर आणि रकमा यांचे स्थान त्यानंतरचे.

करकपात स्वतःची भरपाई करते काय?

करकपातीच्या पुरस्कर्त्यांचा सर्वांत आकर्षक दावा असा की दर घटला तरी महसूल घटत नाही. शून्य टक्के कराने सरकारला काहीच मिळत नाही आणि शंभर टक्के करानेही मिळत नाही, कारण मग कोणी कमावणार नाही किंवा कमावलेले दाखवणार नाही. या दोन टोकांमध्ये कुठेतरी महसुलाचे शिखर असते, हेच लॅफर यांची वक्ररेषा सांगते. हा तर्क योग्य आहे आणि भारताच्या इतिहासात त्याचा दाखलाही सापडतो. १९७३-७४ मध्ये वैयक्तिक प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. वरच्या थरात कमावलेल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हाती राहत आणि संपत्ती कर वेगळा भरावा लागे. अशा व्यवस्थेत करबुडवेगिरी हाच फायद्याचा धंदा ठरला. प्रत्यक्ष करांविषयीच्या वांछू समितीने १९७१ मध्येच दर कमी करण्याची शिफारस केली होती. पुढे तो टप्प्याटप्प्याने उतरत गेला आणि १९९७ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी तो ३० टक्क्यांवर आणला. या सगळ्या काळात एकंदरीत प्राप्तिकराचा महसूल आटला नाही, वाढला.

मात्र ९७.७५ टक्क्यांबाबत जे खरे, ते ३० टक्क्यांबाबतही खरे असलेच पाहिजे, असे या वक्ररेषेवरून सिद्ध होत नाही. शिखर कुठे आहे हे ती रेषा सांगत नाही. ते प्रत्यक्ष आकड्यांवरूनच ठरवावे लागते. २० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सवलती सोडायला तयार असलेल्या देशी कंपन्यांसाठी कराचा मूळ दर २२ टक्के केला. मोठ्या कंपन्यांना तोवर तो ३० टक्के होता. अधिभार आणि उपकर धरून त्यांचा दर सुमारे ३५ टक्क्यांवरून २५.१७ टक्क्यांवर आला. नव्या उत्पादक कंपन्यांसाठी मूळ दर १५ टक्के ठरला. या निर्णयामुळे वर्षाला १.४५ लाख कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. २०१८-१९ मध्ये कंपनी करातून ६.६३ लाख कोटी रुपये मिळाले होते. २०१९-२० मध्ये ५.५७ लाख कोटी मिळाले.

२०२३-२४ मध्ये हा महसूल ९.११ लाख कोटींवर गेला, हे कपातीचे समर्थक आवर्जून सांगतात. आकडा खरा आहे, पण त्या काळात महागाईसह सगळी अर्थव्यवस्थाच फुगली. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रमाणात पाहिले तर २०१८-१९ मध्ये कंपनी कर सुमारे साडेतीन टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये, कंपन्यांचा नफा उसळलेला असतानाही, सुमारे ३ टक्के होता. त्या वर्षी वैयक्तिक प्राप्तिकराचा महसूल कंपनी कराहून अधिक होता. कंपन्यांच्या खांद्यावरचा भार पगारदारांकडे आणि व्यावसायिकांकडे सरकला, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

अमेरिकेतील कॅन्सस राज्याचा अनुभवही असाच आहे. गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ मध्ये वाढीचे आश्वासन देऊन प्राप्तिकरात मोठी कपात केली. महसुलात खिंडार पडले, शाळा आणि रस्त्यांच्या पैशांची ओढाताण झाली आणि २०१७ मध्ये त्यांच्याच पक्षाचे बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार डावलून ती कपात रद्द केली.

वाचलेला कर गुंतवला जातो काय?

दुसरा दावा अधिक विचारार्ह आहे. महसूल बुडाला तरी चालेल, तो पैसा कारखान्यांत जाईल, असे त्याचे स्वरूप आहे. पण कारखानदार नवे यंत्र घेतो ते मालाला गिऱ्हाईक दिसते म्हणून; केवळ गाठीशी पैसा आहे एवढ्यावर तो घेत नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०१९ च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत कारखान्यांची सुमारे ६९ टक्के क्षमताच वापरात होती. जवळजवळ एक तृतीयांश यंत्रे रिकामी असताना कमी कर हे नवी यंत्रे घेण्याचे कारण होऊ शकत नव्हते. अनेक कंपन्यांनी त्या पैशातून कर्ज फेडले, ताळेबंद सावरले, भागधारकांना लाभांश दिला. हे त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचेच होते.

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक सर्वेक्षणाने ही बाब स्पष्ट शब्दांत नोंदवली. ३३ हजारांहून अधिक कंपन्यांच्या नमुन्यात करपूर्व नफा २०१९-२० ते २०२२-२३ या काळात जवळपास चौपट झाला. यंत्रसामग्री आणि बौद्धिक संपदा यांतील खासगी गुंतवणूक २०२२-२३ पर्यंतच्या चार वर्षांत एकूण ३५ टक्केच वाढली, तर इमारती आणि बांधकामांतील गुंतवणूक १०५ टक्के वाढली. नोकरभरती आणि वेतनवाढ नफ्याच्या मागे रेंगाळली. मध्ये कोविडची साथ आली, त्यामुळे सगळा दोष कपातीवर टाकणे अन्यायाचे होईल. सवलतींचे जंजाळ तोडून एकच कमी दर ठेवणे ही करव्यवस्थेची चांगली सुधारणा होती, हेही मान्य करावे लागते. परंतु गुंतवणुकीचे इंजिन म्हणून तिची जी जाहिरात झाली, तिला हे आकडे दुजोरा देत नाहीत.

सरकारी खर्च खासगी गुंतवणुकीला हुसकावतो काय?

सरकारने कर्ज काढून खर्च केला की बचतीचा साठा तेच शोषते, व्याजदर चढतात आणि खासगी उद्योजकाला भांडवल मिळत नाही, हा तिसरा आक्षेप. या आक्षेपालाही भारतातच आधार सापडतो. १९९० च्या सुमारास बँकांच्या ठेवींपैकी ३८.५ टक्के रक्कम सरकारी रोख्यांसारख्या ठरावीक मालमत्तेत गुंतवणे बंधनकारक होते आणि १५ टक्के रिझर्व्ह बँकेकडे ठेवावी लागे. ठेवींचा निम्म्याहून अधिक भाग असा आधीच अडकलेला असताना उद्योगांची कर्जे आक्रसणे अपरिहार्य होते. १९९१ च्या परकीय चलन संकटामागे सरकारी तुटीची ही परंपराही होती.

पण हा नियम सर्वकाळ लागू होत नाही. बचत वापराविना पडून असेल, यंत्रे रिकामी असतील आणि मजूर कामाच्या शोधात असतील, तर सरकारी खर्च कोणाचेही भांडवल हिरावत नाही. उलट तो बाजाराला गिऱ्हाईक देतो. अशा वेळी खर्च कापला तर काय होते, हे ग्रीसने २००९ नंतर अनुभवले. काटकसरीच्या कार्यक्रमात तेथील अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आक्रसली आणि उत्पन्नाच्या प्रमाणात कर्ज कमी होण्याऐवजी वाढले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे तत्कालीन मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लांशार आणि डॅनियल ली यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, संकटाच्या सुरुवातीच्या वर्षांत काटकसरीचा फटका अंदाजकर्त्यांनी प्रत्यक्षापेक्षा बराच कमी धरला होता.

कोणताही खर्च वाढ घडवतो काय?

करकपातीच्या मताचे खंडन झाले म्हणजे खर्चाच्या मताचा विजय झाला, असे मात्र नाही. ‘सरकारने खर्च करावा, तूट आपोआप भरेल’ हे म्हणणे लॅफर यांच्या वक्ररेषेचेच दुसरे रूप आहे; दोन्हीकडे भरपाई गृहीत धरलेली असते. २०२३-२४ मध्ये केंद्राने व्याजापोटी १०.६४ लाख कोटी रुपये भरले, म्हणजे महसुली जमेच्या दर शंभर रुपयांमागे सुमारे ३९ रुपये. जुन्या तुटीचे हप्ते फेडताना नव्या शाळेला आणि कालव्याला पैसा उरत नाही. फुकट खर्च असा नसतोच. आज कर न घेता केलेला खर्च उद्याच्या अर्थसंकल्पातून वसूल होतो.

शिवाय सगळा खर्च सारखा फळत नाही. राष्ट्रीय सार्वजनिक वित्त आणि धोरण संस्थेतील सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती यांनी २०१३ मध्ये केलेल्या अभ्यासात भारतात भांडवली खर्चाचा गुणक, म्हणजे खर्चाच्या एका रुपयामागे उत्पन्नात पडणारी भर, २.४५ आणि हस्तांतरणाचा ०.९८ आढळला. परिस्थितीनुसार हे आकडे बदलतील, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. रस्ता, रेल्वे किंवा पाण्याची सोय यांवरचा रुपया एकदा मजुरी म्हणून फिरतो आणि पुढे अनेक वर्षे उत्पादनाचा खर्च कमी करतो. थेट खात्यात गेलेला रुपया प्रामुख्याने खपातून फिरतो.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलेली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना या दृष्टीने तपासता येते. पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये देणाऱ्या या योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटी रुपये लागतील, असे तेव्हा सांगण्यात आले. गरीब घरातील स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा येणे हे कल्याणाचे उद्दिष्ट म्हणून समर्थनीय आहे आणि त्याच्या समर्थनासाठी वाढीचा आधार घेण्याची गरज नाही. प्रश्न उरतो तो पैशाच्या उगमाचा. एवढ्या मोठ्या कायमस्वरूपी खर्चाला कायमस्वरूपी महसुलाची जोड नसेल, तर कात्री अखेर भांडवली कामांना लागते, कारण पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज टाळता येत नाही.

काय टिकते

खंडनानंतर जे उरते त्याची पहिली बाजू कराची आहे. कपात योग्य की अयोग्य, हे कर कोण भरतो यावरून ठरते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर केलेले पहिले भाषण याचा नमुना आहे. दोन भीषण दुष्काळांच्या काळातही सरकारी हिशेबात शिल्लक दिसत होती आणि राज्यकर्ते ती समृद्धीची खूण मानत होते. ही शिल्लक लोकांना न झेपणाऱ्या करांतून उभी राहिली आहे, असे गोखल्यांनी दाखवले. मिठावरचा कर कमी करावा आणि प्राप्तिकराची किमान मर्यादा वाढवावी, ही त्यांची मागणी होती. १९०३ मध्ये मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा ५०० वरून १,००० रुपये झाली. याच गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडून सरकारकडून नव्या खर्चाची मागणी केली. गरिबाचा कर कमी करा आणि शिक्षणावर खर्च वाढवा, या दोन मागण्यांत विसंगती नव्हती.

दुसरी बाजू खर्चाच्या मोजमापाची आहे. ब्रिटिश राजवटीत कालव्याची किंमत पाणीपट्टीतून मिळणाऱ्या परताव्यावर जोखली जाई आणि दख्खनचे कालवे त्या कसोटीवर तोट्याचे दिसत. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या गोखले संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या क्षेत्रात पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्याचा प्रत्यक्ष लाभ आणि त्याबरोबर वाढणारे रोजगार, व्यापार, वाहतूक आणि प्रक्रिया उद्योग यांचा अप्रत्यक्ष लाभ वेगवेगळा मोजण्याची दिशा तिने दिली. सार्वजनिक गुंतवणुकीचा परतावा सरकारी तिजोरीतच शोधणे ही चूक आहे. तो सबंध परिसराच्या उत्पन्नात शोधावा लागतो.

तिसरी बाजू कर आणि खर्च यांच्या जोडणीची आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने ती करून दाखवली. १९७२-७३ च्या दुष्काळात, १९७३ च्या उन्हाळ्यात, राज्यात सुमारे ५० लाख मजूर दुष्काळी कामांवर होते. त्या अनुभवातून हमीला कायद्याचे रूप देण्याचा निर्धार पक्का झाला. कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला. शहरातील पगारदाराच्या वेतनातून तो कापला जाई आणि जमेइतकीच रक्कम राज्य सरकार आपल्या बाजूने घाली. त्यातून नालाबंडिंग, पाझर तलाव, विहिरी आणि रस्ते झाले आणि १९९० पासून फळबाग लागवडीची जोड मिळाली. कर कोण देतो, कशासाठी देतो आणि त्यातून गावात काय उभे राहते, हे तिन्ही प्रश्न एकाच योजनेत सुटले होते. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला हाच अनुभव उपयोगी पडला.

उरलेला आक्षेप

या मंडनावर गंभीर आक्षेप असा की सरकार खर्च निवडण्यात चुकते आणि पैसा झिरपतो. रोजगार हमीच्या हजेरीपटांवर खोटी नावे चढली, रस्ते पहिल्या पावसात वाहून गेले, कामे अर्धवट राहिली. केंद्राचा भांडवली खर्चही २०१९-२० मधील ३.३६ लाख कोटींवरून २०२३-२४ मध्ये ९.४९ लाख कोटींवर गेला, पण त्यातला काही भाग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि रेल्वे स्वतः कर्ज काढून करत असलेल्या खर्चाचा आहे. तो अर्थसंकल्पात आल्याने वाढ प्रत्यक्षाहून मोठी दिसते. शिवाय खासगी गुंतवणूक त्यामागे अपेक्षेइतकी धावली नाही.

हे सगळे खरे असले तरी त्यावरून खर्च चुकीचा ठरत नाही. त्याच्या हिशेबाची आणि देखरेखीची गरज सिद्ध होते. करकपातीतही गळती असते. सोडून दिलेल्या महसुलाचा कोणी हजेरीपट ठेवत नाही, एवढाच फरक. म्हणून दोन्ही उपायांना एकच कसोटी लावणे न्याय्य ठरते. कपात असो वा खर्च, त्याचा भार कोणावर पडणार, त्यातून कोणती उत्पादक क्षमता उभी राहणार आणि ती उभी राहिली की नाही हे कोण तपासणार, हे प्रस्तावातच लिहिलेले असावे. मंदीच्या काळात तूट वाढू द्यावी, तेजीत ती कमी करावी, चालू खर्च चालू महसुलातून भागवावा आणि कर्ज टिकाऊ कामांसाठी काढावे. वाढीसाठी एकाच उपायाचा मंत्र सांगणाऱ्या दोन्ही पक्षांना या अटी जाचक वाटतील, पण २०१९ नंतरच्या आकड्यांतून एवढाच निष्कर्ष निघतो.