विश्लेषण : समुद्र उरणचा, मग निर्णयात उरण कुठे?

भराव कुठे घालायचा ते बंदर ठरवते. जाळे कुठे आणि कधी टाकायचे ते राज्य सरकार ठरवते. दोन्हींचा परिणाम भोगणाऱ्या उरणच्या कोळीवाड्यांचा आवाज मात्र बहुतेक वेळा मोर्चात किंवा न्यायालयातच ऐकू येतो.

न्यायालयात काय झाले?
२७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसीला दिला. भराव, तिवरांची तोड आणि भरती-ओहोटीच्या अडलेल्या वाटा, हे वादाचे मुद्दे होते. काम सुरू होण्याआधी हेच मुद्दे कुणी अधिकाराने मांडले असते, तर कदाचित लवादापर्यंत जावे लागले नसते.

मंडळावर कोण बसते?
२०२१च्या प्रमुख बंदर प्राधिकरण कायद्यानुसार मंडळावर राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण आणि सीमाशुल्क खात्यांचे प्रतिनिधी असतात. कामगारांसाठी दोन जागा आहेत. मच्छीमारांसाठी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी एकही राखीव जागा नाही. मासेमारीच्या १९८१च्या राज्य कायद्यात सल्लागार समिती आहे, पण तिचे काम सल्ला देण्यापुरतेच. २०२१च्या दुरुस्तीत कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे गेले. म्हणजे एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे.

नगरपरिषद, ग्रामपंचायत काय करू शकते?
संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतींच्या २९ विषयांत, मत्स्यव्यवसाय आहे. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत तो नाही. त्यामुळे करंजाचा समुद्र निदान कागदावर पंचायतीचा विषय होऊ शकतो, मोऱ्याचा नगरपरिषदेचा नाही. होडीला मात्र ही हद्द कळत नाही.

इंग्लंडमध्ये काय होते?
२००९च्या कायद्याने तिथे किनाऱ्यापासून सहा सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीसाठी दहा प्राधिकरणे नेमली. त्यांचा खर्च मुख्यतः स्थानिक परिषदा उचलतात, म्हणून त्यांचे नगरसेवक मंडळावर बसतात. सोबत मासेमार आणि पर्यावरणाचे जाणकार असतात. पैसा आणि प्रतिनिधित्व तिथे एकत्र येते.

मग इथे काय करावे?
उरण नगरपरिषदेवर हा खर्च लादता येणार नाही, तिची तेवढी ऐपत नाही. पण बंदर कायद्यातच सामाजिक दायित्वासाठी निधी वापरण्याची मुभा आहे. त्यातला ठरावीक वाटा तालुका मत्स्य निधीला द्यावा. तो खर्च करणाऱ्या समितीत नगरपरिषद, किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायती आणि मच्छीमार सोसायट्या असाव्यात.

'राजकारणी शिरतील' हा आक्षेप खरा आहे. पण सोसायटीत मुख्यतः होडीवाल्यांचा आवाज असतो. बाजारात मासळी विकणाऱ्या कोळणीला मत मागायला येतो तो नगरसेवक किंवा पंचायत सदस्य. म्हणून दोघेही हवेत आणि बैठकीचे इतिवृत्त मराठीत जाहीर व्हायला हवे.

याला पूर्वउदाहरण आहे. सीआरझेड अधिसूचनेने जिल्हा समितीत मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी घ्यायला सांगितले आहे. किनाऱ्यासाठी जे मान्य आहे, ते बंदराच्या मंडळासाठी अमान्य का, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे. नुकसान झाल्यावर भरपाई मोजण्यापेक्षा आधी विचारणे केव्हाही स्वस्त पडते.