पंचनामा कच्चा, तर न्यायही कच्चा!

मालेगावच्या भिक्खू चौकात २९ सप्टेंबर २००८ रोजी झालेल्या स्फोटात ६ जणांचा बळी गेला. जवळजवळ १७ वर्षांनी, ३१ जुलै २०२५ रोजी, मुंबईच्या विशेष एनआयए न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. निकालावर राजकारण भरपूर झाले. परंतु न्यायालयाने ज्या दोषावर बोट ठेवले, त्याची चर्चा फारशी झाली नाही. स्फोट झाला हे सिद्ध झाले. मात्र बॉम्ब त्या मोटारसायकलमध्येच ठेवला होता, हे सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने म्हटले.

हा शब्दच्छल नव्हे. गाडीवरून मालक आणि मालकावरून कट, अशी ही साखळी होती. पहिलीच कडी निखळली की पुढे काय उरते?

वास्तविक पाहता, बॉम्ब गाडीत होता की गाडीजवळ, हे ते लोखंडच सांगते. स्फोट आतून झाला तर पत्रा फाटून बाहेरच्या बाजूला वळतो. बाहेरून झाला तर स्फोटाकडची बाजू आत दबते. आरडीएक्ससारखे तीव्र स्फोटक जमिनीलगत फुटले तर खड्डा पडतो, जवळच्या धातूच्या चिंधड्या होतात. कोंडलेल्या गॅसचा भडका मात्र भिंती बाहेर ढकलतो. खड्डा सहसा पाडत नाही. कोणता तुकडा किती अंतरावर, कोणत्या दिशेला पडला, याची नोंद असेल तर स्फोटाचे केंद्र शोधता येते.

पण यासाठी घटनास्थळाचा नकाशा हवा, मोजमाप हवे, प्रत्येक नमुना वेगळा सीलबंद हवा. मालेगावात पंचनाम्याच्या वेळी नकाशाच काढला गेला नाही, नमुने दूषित झाले होते, असे निकालपत्र सांगते. जमाव फिरला, रस्ता धुतला गेला की ही साक्ष कायमची मरते. साक्षीदाराला पुन्हा बोलावता येते. खड्ड्याला समन्स काढता येत नाही!

केवळ संशयावर कोणालाही शिक्षा देता येत नाही, हे तत्त्व योग्यच आहे. उद्या ते आपल्याही कामी येईल. पण मग त्या ६ जणांना मारले कोणी? मृतांच्या वारसांना २ लाख आणि जखमींना ५० हजार रुपये देऊन या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार, ७ वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक आहे. मात्र अंमलबजावणीसाठी राज्यांना ५ वर्षांपर्यंत मुभा आहे. स्फोट मुभा घेऊन होत नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात तज्ज्ञ व साधने द्या आणि पंचनाम्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर जबाबदारी निश्चित करा. ही मागणी पीडितांनी आणि आरोपींनीही एकमुखाने केली पाहिजे.