जखमी कोंबडीला एक रात्र द्या

सप्टेंबर महिना होता. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, आम्ही सगळे वावरात. सांजच्याला घरी आले तर सांदवाडीत पिसंच पिसं. मोकाट कुत्र्यानं माझी तांबडी कोंबडी धरली होती. ती सापडली पऱ्हाटीच्या ढिगामागं, मान आत ओढून, डोळे अर्धे मिटून. पाठीवरचं कातडं तळहाताएवढं सोलून उलटं पडलं होतं, त्यावर काडीकचरा चिकटलेला. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "अवो, कापून टाका तिले, नाही तं वाया जाईन."

काकूंना दोष देत नाही. आपल्याकडे हीच रीत आहे. पण त्या दिवशी मी तिला ठेवली, आणि ती जगली. त्यानंतर मुंगसानं धरलेल्या, सायकलखाली आलेल्या, दुसऱ्या कोंबड्यांनी टोचून रक्ताळलेल्या बऱ्याच कोंबड्या हाताखालून गेल्या. सगळ्या वाचल्या नाहीत. पण ज्या पहिली रात्र काढून गेल्या, त्यातल्या बहुतेक वाचल्या. म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच, की सुरी काढायच्या आधी तिला ती एक रात्र द्या.

पहिल्या तासात जखमेपेक्षा धसका तिला जास्त मारतो. म्हणून आधी तिला उचला, पण छाती आवळून धरू नका. कोंबडीला आपल्यासारखा छातीखालचा पडदा नसतो. छातीचं हाड खालीवर होतं तेव्हाच तिचा श्वास चालतो, आणि मुलं प्रेमानं घट्ट कवटाळतात तेव्हा ती गुदमरते. पंखांवर हात ठेवा, पोट खालून तोला. मग अंधारात, एकटीला, डालग्याखाली किंवा खोक्यात ठेवा. खाली सोयाबीनचं कुटार धुळकट असतं, ते नको, जुनं सुती कापड बरं. कळपात मात्र ठेवू नका. लाल दिसलं की दुसऱ्या कोंबड्या तिथंच टोचतात, आणि एकीनं सुरू केलं की थांबत नाहीत. डिसेंबरात गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा. आपल्या मे महिन्यात उलट करा, ओल्या पोत्याची सावली द्या. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकूनच अंग थंड करते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्यानं दाबून धरा. पाच-सात मिनिटं, मध्ये उचलून न बघता. थांबलं का म्हणून दर मिनिटाला उचलून पाहिलं की धरलेली खपली निघते.

मग जखम धुवा. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचे दोन सपाट चमचे मीठ, आणि सुई काढलेल्या सिरिंजनं हळूहळू धार सोडा. आजूबाजूची पिसं कात्रीनं कापा, उपटू नका. नव्यानं फुटणाऱ्या पिसाच्या देठात रक्त असतं, ते उपटलं की नवी जखम. कुत्र्याची लाळ लागलेली असते, म्हणून आपल्या हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, नंतर साबणानं हात धुवा. आणि पंखाखाली बघायला विसरू नका. पिसं ओल्या बोटानं बाजूला सारा. दाताचं भोक वरून मुगाएवढं दिसतं, आत मात्र बोटभर खोल गेलेलं असतं. माझ्या तांबडीची पाठ मी नीट धुतली, पण पंखाखालचं भोक मला तिसऱ्या दिवशी वासावरून सापडलं.

हळदीबद्दल विचाराल. हळद वाईट नाही. पण न धुतलेल्या जखमेवर हळद भरली, की घाण आत कोंडून वरून झाकण लागतं. आधी धुणं, मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात घालून बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं करून लावणं, हे बरं. घरचा कापूस आपल्याकडे हवा तेवढा असतो, पण तो थेट जखमेवर ठेवू नका, धागे चिकटतात. आधी गॉज किंवा मऊ सुती फडकं, कापूस त्याच्यावर.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसते आणि दिवसाभरात अळ्या पडतात. मग माणूस घाबरून कोपऱ्यातली फवारणीची बाटली काढतो. फोरेटचे दाणे जखमेत भरलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. अळ्या मेल्या, सकाळी कोंबडीही मेलेली होती. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात माणसं रांगेनं भरती झाली होती. धडधाकट माणसाला कातडीतून आणि श्वासातून जे आडवं करतं, ते दीड किलोच्या पाखराच्या उघड्या मांसावर कसं घालायचं? आणि ती कोंबडी नंतर कुत्र्यानं खाल्ली, किंवा घरात शिजली, तर? अळ्या चिमट्यानं एकेक काढा, मिठाच्या पाण्यानं धुवा, सकाळ-संध्याकाळ पुन्हा बघा, आणि तिला मच्छरदाणीच्या तुकड्याखाली ठेवा. अर्धा तास मोडतो, पण दुसरा रस्ता नाही. फवारणीच्या रिकाम्या डब्यात तिला पाणीही देऊ नका. तो डबा कितीही घासला तरी.

तसंच आपल्या घरातल्या दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक जनावरांना द्यायला २००६ साली सरकारनं बंदी घातली, कारण ते दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडं संपत चालली होती. कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते घातकच. अर्धी काय, पाव गोळीही नको.

पाणी लगेच, खाणं सावकाश. पाणी घशात ओतू नका, श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागंच असतं आणि पाणी सरळ फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला बोटानं एक थेंब लावा, ती गिळेल, मग दुसरा. त्या पाण्यात थोडा गूळ घाला. मीठ घातलंच तर लिटरभराला चिमूटभर, जास्त मीठ कोंबडीला विषासारखं असतं. दुसऱ्या दिवशी भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, उकडलेलं अंडं कुस्करून. विष्ठेकडे लक्ष ठेवा. गर्द हिरवी आणि पातळ पडत असेल, तर पोटात काही गेलेलं नाही.

पाय मोडला असेल आणि मोड गुडघ्याखाली, कातडी न फाटता असेल, तर कापसाची गादी करून दोन बाजूंना बांबूच्या पातळ कामट्या बांधता येतात. बोटं थंड किंवा निळसर पडली तर बांधणं घट्ट झालं, लगेच सोडा. हाड धरायला साधारण तीन आठवडे. हाड बाहेर आलं असेल, मोड मांडीत असेल, पोट फाटलं असेल किंवा जखमेला वास यायला लागला असेल, तर घरचे उपाय थांबवा. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. कोंबडीसाठी डॉक्टरला काय त्रास द्यायचा, असं बाया म्हणतात. का नाही द्यायचा? बाजारच्या दिवशी अंडी विकून येणारा पैसा बाईच्या स्वतःच्या हातात राहतो, त्यातून वही येते, तेल येतं. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं तर किती दिवस अंडी आणि मांस खायचं नाही ते विचारून घ्या आणि तेवढे दिवस पाळा.

आतडी बाहेर आली आहेत, मान लुळी आहे, दोन दिवसांत पाण्याचा थेंब घेतला नाही, अशा कोंबडीला आपल्या समाधानासाठी ओढत नेऊ नये. तिला लवकर सोडवणं हीच दया. आणि जखम नसताना एकामागून एक कोंबड्या माना टाकायला लागल्या, तर ते वेगळं दुखणं. मानमोडी असेल किंवा बर्ड फ्लू. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात तो निघाला होता, आपल्यापासून फार लांब नाही. अशा कोंबड्या कापू नका, विकू नका, दवाखान्यात कळवा.

जखमेवर कोरडी खपली धरली, की डालगं कळपाच्या मध्येच ठेवा, म्हणजे तीनचार दिवस त्यांची नजरानजर होते. मग अंधार पडताना तिला खुराड्यात दांडीवर बसवा. सकाळी सगळ्या एकत्रच उतरतात, भांडण कमी होतं. माझी तांबडी पाचव्या आठवड्यात कळपात गेली. पाठीवर आधी काळ्या काड्यांसारखे कोंब आले, मग पिसं. तोवर अंडं बंद होतं. अंडं नाही म्हणून तिला खुडूक समजून पाण्यात बुडवू नका. नवी पिसं येताना खाल्लेलं सगळं तिकडंच जातं. म्हणून उधई लागलेलं लाकूड तिच्यापुढं आपटा आणि पडलेली उधई तिला पोटभर वेचू द्या.