तोफखान्याचा जन्मदाखला कोणाच्या सहीचा?

दरवर्षी २८ सप्टेंबरला भारतीय भूसेनेचा तोफखाना आपला स्थापनादिन साजरा करतो. १८२७ साली याच दिवशी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यात गोलंदाजांची एक तुकडी उभी राहिली. पुढे ‘पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी’ या नावाने ती डोंगरी तोफखान्यात गाजली. तिच्या जवानांविषयी आमच्या मनात आदरच आहे. प्रश्न जन्मदाखल्याचा आहे. पेशवाई बुडाल्यावर नऊ वर्षांनी एका परकीय व्यापारी कंपनीने हजेरीपट लिहिला आणि त्या दिवशी या देशाचा तोफखाना जन्मला? मग पानसे सरदारांनी सांभाळलेला पेशव्यांचा तोफखाना कोणत्या देशाचा होता?

वायव्य सरहद्दीवरील या डोंगरी तोफांची थोरवी गाणाऱ्यांना (किपलिंगने तर त्यांच्यावर कविताच केली) एका गोष्टीचा सोयीस्कर विसर पडतो. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात हिंदी गोलंदाजांनी इंग्रजांच्या तोफा इंग्रजांवरच फिरवल्या. त्याची धास्ती अशी बसली की, तोफखाना सामान्यतः गोऱ्यांच्याच हाती ठेवावा, असा निर्वाळा पील आयोगाने दिला. हिंदी गोलंदाजाला उरल्या त्या प्रामुख्याने डोंगरी तोफा. खेचरांच्या पाठीवर लादायची, जागेवर नळीचे दोन तुकडे जोडायचे आणि सात-आठ पौंडांचा गोळा फेकायचा! टोळीवाल्यांच्या गढ्यांना ती अडीच इंची तोफ पुरेशी होती. इंग्रजांच्या किल्ल्यांना तिचे भय नव्हते. वर हुकूम सोडायला गोरा अधिकारी होताच. मैदानी तोफा हिंदी माणसाच्या हाती पुन्हा आल्या त्या १९३५ साली, बंगळूरला ‘ए फील्ड ब्रिगेड’ उभी राहिली तेव्हा. पाऊणशे वर्षांच्या या अविश्वासालाच आपण ‘गौरवशाली परंपरा’ म्हणायचे काय?

गौरव आहे तो माणसांचा. एप्रिल १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर कोहाट आणि जेकब्ज या डोंगरी बॅटऱ्या उतरल्या. डिसेंबर १९४४ मध्ये ब्रह्मदेशात तिसाव्या माउंटन रेजिमेंटचा हवालदार उमराव सिंग तोफेचा लोखंडी दांडा घेऊन जपान्यांवर तुटून पडला आणि व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला. हे शौर्य कंपनीच्या कवायतीतून उपजले नव्हते.

त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. तोफांपाशीच कापले गेले. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या वेलिंग्टनने आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचे नाव घेतले, ते उगाच नव्हे. शिंद्यांच्या कवायती फौजेलाही युरोपीय अधिकारीच होते, असा आक्षेप काही विद्वान घेतील. होते, पण ते आपले चाकर होते. त्यांतले इंग्रज तर कंपनीची हाक येताच लढाईपूर्वीच निघून गेले. तोफांपाशी उभा राहिला तो इथला गोलंदाज.

असईचा दिवस आणि तोफखान्याचा स्थापनादिन यांत अंतर आहे अवघे पाच दिवसांचे. जालना जिल्ह्यातील त्या रणभूमीवर दरवर्षी २३ सप्टेंबरला तोफखान्याची मानवंदना व्हावी, ही मागणी संरक्षण मंत्रालयाकडे नेण्यास महाराष्ट्राच्या खासदारांना कोणाची परवानगी हवी आहे?